पियानो गावाचा असतो

कार्यक्रमाला रिकाम्या हाताने येणारा वादक म्हणजे पियानोवादक. व्हायोलिनवाला आपलं वाद्य काखेला लावून उतरतो, तबलजी दोन पिशव्या सांभाळत गाडीत चढतो, सतारवाल्याला विमानात वाद्यासाठी जागा मागावी लागते. पियानोवादकाकडे कपड्यांची बॅग असते आणि फार तर स्वरलिपीची एक फाईल. मैफिलीचा मोठा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ पाचशे किलो वजनाचा. तो बरोबर घेऊन फिरणं कुणाला परवडणार? व्लादिमीर होरोविट्झ 1986 साली मॉस्कोला वाजवायला गेले तेव्हा अमेरिकेतून स्वतःचा पियानो घेऊन गेले होते. इटलीचे मिकेलांजेली आपले पियानो बरोबर नेत आणि मनासारखं जमलं नाही तर कार्यक्रम रद्द करत. एवढा मान जगात दोन-चार जणांनाच मिळतो. बाकी सगळ्यांनी ज्या गावी जायचं, त्या गावाने ठेवलेलं वाद्य वाजवायचं.

माझ्या म्हणण्याचा पाया एवढाच आहे. पियानोवादकाचं आयुष्य त्याच्या एकट्याच्या कष्टावर उभं राहत नाही. गावाने वाद्य ठेवलं आहे का, ते नीट राखलं आहे का, आणि शिकणाऱ्या पोराला त्याला हात लावू दिला जातो का, या तीन गोष्टींवर ते उभं राहतं. गोव्यात आपण पहिली गोष्ट थोडीफार केली. दुसरी अर्धीमुर्धी केली. तिसरी केलीच नाही. सरकारी सभागृहांतले पियानो शिकणाऱ्यांसाठी रोज सकाळी उघडावेत, आणि ते राखणारी माणसं इथेच तयार करावीत, असं मला वाटतं. त्यासाठी हा लेख.

मी पाश्चात्त्य संगीतातला जाणकार नव्हे. फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळातल्या भजनाला गेली तीसेक वर्षं पेटी वाजवतो. माझी मुलगी सातव्या वर्षी त्याच पेटीवर बसली. पण तिचा डावा हात भात्यावर राहीना. तोही पट्ट्यांवर यायला बघायचा. शाळेतल्या गायनाच्या बाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी पणजीतल्या एका पियानो शिकवणाऱ्या बाईंचं नाव सुचवलं. तिथून पुढे दहा वर्षं शनिवारची दुपार कदंबाच्या सरकारी बसमध्ये गेली. फोंडा ते पणजी 30 किलोमीटर. जाताना ती मांडीवर बोटं चालवत असायची, येताना झोपलेली असायची.

घरी आधी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड होता. मग ऐपतीप्रमाणे अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. हप्त्यावर. आम्हाला वाटलं, झालं, आता पोरीला वाद्य मिळालं. ते खरं नव्हतं हे परीक्षेच्या दिवशी कळलं. लंडनच्या मंडळाच्या परीक्षा इथे होतात. एक ते आठ अशा त्यांच्या पायऱ्या. सहाव्या पायरीची परीक्षा खऱ्या पियानोवर होती. आतून वाजवण्याचा आवाज येत होता. एक संथ तुकडा होता, अगदी हलक्या हाताने वाजवायचा. मधले मधले स्वर येतच नव्हते. जिभेवरून अक्षर गळावं तसे गळत होते. बाहेर आली तेव्हा रडत नव्हती, गोंधळली होती. म्हणाली, "बाबा, मी दाबलं, पण ते वाजलंच नाही."

त्याचं कारण मला पुढे बाईंनी झाकण उघडून दाखवलं. पियानोची पट्टी दाबली की आत एक फेल्ट लावलेली लाकडी हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे पडते. पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅमचा भार लागतो. पण नुसती पट्टी खाली जाऊन भागत नाही, तिला वेग द्यावा लागतो. फार हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचत नाही. मृदू वाजवणं म्हणजे हातोडी तारेला लागेल आणि जेमतेम लागेल, एवढाच वेग बोटाने देणं. आमच्या घरच्या यंत्रावर कितीही हलकं दाबलं तरी काही ना काही वाजायचं. तिचं बोट सहा वर्षं चुकीच्या धड्यावर वाढलं होतं. महागड्या डिजिटलमध्ये हे बरंच साधलेलं असतं म्हणतात, असेल. आमच्यात नव्हतं, आणि हप्त्यावर घेणाऱ्या बहुतेक घरांत नसतं.

तेव्हा मी शोधाशोध केली. सरकारी पैशातून चालणाऱ्या एका सभागृहात उत्तम पियानो आहे असं कळलं. रंगमंचाच्या मागे एका कोपऱ्यात, जाड रजईसारख्या आच्छादनाखाली, झाकणाला कुलूप. मी रीतसर अर्ज केला. मुलगी अमुक वयाची, अमुक परीक्षा, आठवड्यातून दोनदा सकाळी एक तास वाजवू द्यावं, भाडं असेल ते भरतो. उत्तर तोंडी मिळालं: तो फक्त निमंत्रित कलाकारांसाठी आहे. मी लेखी मागितलं. फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. परीक्षेची तारीख उलटून गेल्यावर मी विचारणं सोडलं. त्यानंतर वर्षभराने त्याच सभागृहात एका बक्षीस समारंभाला गेलो. पियानो रंगमंचाच्या कडेला सरकवलेला होता आणि त्याच्या झाकणावर पाहुण्यांना द्यायचे पुष्पगुच्छ, ओलेच्या ओले, ओळीने ठेवले होते.

त्या कचेरीतल्या माणसावर माझा राग नाही. त्याने मला चहा पाजला आणि खरं ते सांगितलं: काही मोडलं तर भरपाई माझ्या पगारातून, आणि पोरांना वाद्य द्यायचा नियमच नाही, मग मी कुठल्या नियमाने देऊ? त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे पियानो विकत घेण्यासाठी निविदेचा नियम असतो, त्याच्या विम्याचा असतो, तो निकालात काढण्याचाही असतो. तो वाजवायचा कुणी, कधी, याचा नसतो.

मैफिलीचा पियानोवादक होणं म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसं कुणी मोजून पाहत नाही. पाच-सात वर्षांच्या वयात सुरुवात. दहा-बाराव्या वर्षापासून दिवसाला तीन-चार तास, पुढे पाच-सहा. सरासरी चार तास धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस, तर पंधरा वर्षांत अठरा हजार तास होतात. त्याच्या शेवटी असते दोन तासांची एक संध्याकाळ, जिला आपण कार्यक्रम म्हणतो. सरकार, प्रायोजक, महोत्सव सगळे पैसे घालतात ते त्या दोन तासांवर. अठरा हजार तास त्या मुलाच्या घरच्यांनी निभवायचे. ज्यांच्या घरी वाद्य आहे, बंद खोली आहे, शेजारी तक्रार करत नाहीत, ते निभवतात. बाकीचे बारावीच्या आसपास गळतात. आपण म्हणतो, आवड कमी झाली असेल.

जर्मन पियानोवादक क्लारा शुमानचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. 1819 साली लाइपत्सिकमध्ये जन्म, नवव्या वर्षी जाहीर मैफिलीत पहिल्यांदा वादन, शेवटची जाहीर मैफल 1891 साली. साठाहून अधिक वर्षं ही बाई मंचावर होती. आठ मुलं झाली, नवरा रॉबर्ट शुमान 1856 साली गेला, त्यानंतर वाजवून आणि शिकवून तिने घर चालवलं. लोक तिच्या जिद्दीची गोष्ट सांगतात आणि ती खरीच आहे. पण तिच्या जन्माच्या घराकडे बघा. बाप पियानो शिकवायचा आणि पियानोंचा व्यापारही करायचा. घरात वाद्यंच वाद्यं होती. वेगवेगळ्या बनावटीच्या पियानोंवर तिचे हात लहानपणीच फिरले. पुढे युरोपभर आज या गावी, उद्या त्या गावी, जे समोर येईल त्या वाद्यावर वाजवताना ती शिदोरी कामाला आली असणार. बुद्धी देवाची देणगी असेल, ही शिदोरी देवाची नव्हती.

आजही परीक्षा तीच आहे. वॉर्सामध्ये शोपँच्या नावाची पियानो स्पर्धा 1927 पासून होते, साधारण दर पाच वर्षांनी. सोळा ते तीस वयाची जगभरची मुलं तिथे येतात. वेगवेगळ्या नामांकित कंपन्यांचे पियानो मांडलेले असतात. त्यांतला आपला कोणता, हे ठरवायला स्पर्धकाला मिनिटं मिळतात पंधरा. पंधरा मिनिटांत एका अनोळखी वाद्याचा स्वभाव ओळखायचा: याचे खालचे स्वर जड आहेत का, वरचे टोचतात का, पेडल कुठल्या खोलीवर धरतं, हातोडी किती लवकर परत येते. ज्याने उभ्या आयुष्यात दोनच वाद्यं हाताळली त्याला हे कसं जमावं? पेटीवाल्याला हे चटकन कळेल. दुसऱ्या गावच्या देवळात भजनाला बसलो की पहिल्या गजरात मी गात नाही, पेटी ओळखून घेतो. कुठली पट्टी बसकी आहे, भाता किती ताण मागतो. शंभर पेट्या हाताखालून गेल्या म्हणून ते येतं.

आणि खराब वाद्यावर शिकण्याचा तोटा हातालाही होतो. पावसाळ्यात फुगून जड झालेल्या पट्ट्यांवर लहान मूल तास-तास जोर लावतं, मनगट ताठ होतं, खांदे वर येतात, आणि ती सवय मग सुटत नाही. हात हे पियानोवादकाचं सगळं भांडवल. अमेरिकेचे लिऑन फ्लायशर ऐन छत्तिशीत असताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळू लागली. साल 1964. त्यामागे मज्जासंस्थेचा विकार होता आणि उजव्या हाताच्या बेसुमार रियाजानेच आपण तो ओढवून घेतला, असं ते स्वतः मानत. पुढची तीसेक वर्षं ते एकट्या डाव्या हातासाठी रचलेलं संगीत वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंद चालवत राहिले. नव्वदच्या दशकात उपचारांनी हात बराच सुधारला. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताचं हे होऊ शकतं, तर आपल्या गल्लीतल्या पोराचा हात कुणी बघायचा?

आता गोव्याकडे येतो. गावाने वाद्य ठेवावं, हे मी नवीन काही सांगत नाही. गोव्याची रीतच ती होती. आमच्या देवळातली पेटी देवळाची. पखवाज देवळाचा, टाळ देवळाचे, चौघडा देवळाचा. सभामंडपाच्या कोपऱ्यात लाकडी कपाट आहे, त्याची किल्ली खांबाच्या खिळ्याला. मी लहान असताना शाळा सुटल्यावर तिथे जाऊन पेटी काढायचो. कुणी विचारलं नाही. पुजारी फक्त म्हणायचे, "झालं की कापड नीट घाल." घरी पेटी घ्यायची आमची ऐपत नव्हती. देवळाच्या कपाटाची किल्ली कुणी खिशात ठेवली असती तर मी आज पेटीवाला नसतो.

चर्चमध्येही हेच. पोर्तुगीज राजवटीत पॅरिशच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हाती देत. शिकवणारा तो मेस्त. गरीब घरची पोरं तिथे सोल्फ, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं शिकली, व्हायोलिन शिकली, आणि पुढे त्या विद्येवर पोट भरायला मुंबईला गेली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोवेकर का भरले होते, याचं उत्तर त्या पॅरिशच्या शाळेत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. वडील गावच्या चर्चचे संगीतकार, मुलगा मुंबईत व्हायोलिनवादक आणि संयोजक, आणि प्यारेलाल यांचे गुरू. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन केलं. वाद्य गावाचं होतं म्हणून ते गरिबापर्यंत पोहोचलं.

पियानोचं तसं झालं नाही. पियानो चर्चमध्ये नव्हता, तो भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरात, सालीत, म्हणजे दिवाणखान्यात होता. झुंबराखाली, पॉलिश केलेल्या जमिनीवर, मुलींच्या शिक्षणाचा भाग म्हणून. मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचा मुलगा व्हायोलिन वाजवू शकला, भाटकाराच्या सालीतल्या पियानोला मात्र त्याचा हात क्वचितच लागला. व्हायोलिन चर्चमधून बाहेर आलं आणि पियानो दिवाणखान्यात राहिला. आज ती सालं बंद पडत चालली, वारस लिस्बनला, लंडनला किंवा टोरंटोला. कित्येक घरांतल्या पियानोंना वाळवी लागली. मुक्तीनंतर सरकारने पियानो घेतले, ही चांगली गोष्ट झाली. पण दिवाणखान्याची रीत त्यांच्याबरोबर आली. वाद्य पाहुण्यांसाठी, घरच्या पोरांनी हात लावायचा नाही.

मराठी वाचकांत एक समजूत पक्की आहे: पियानो आपला नव्हे, ते 'त्यांचं'. मी भजनी मंडळात हे अनेकदा ऐकतो आणि दर वेळी पेटीकडे बोट दाखवतो. ही पेटी कुठली? 1840च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झालेल्या हार्मोनियमचं कोलकात्यात बैठकीसाठी बदललेलं रूप. पायाने भाता चालवायचा ऑर्गन तर नाट्यसंगीताचा कणाच होता, तोही तिकडचाच. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला मज्जाव केला होता. तिचे सूर ठरीव, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती लागत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होतं, अजूनही आहे. तरी आमच्याच बोरीत जन्मलेल्या पंडित तुळशीदास बोरकरांनी त्याच ठरीव सुरांतून असं काही काढलं की 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाद्याचं गाव कुठलं यावरून ते आपलं की परकं हे ठरत असेल, तर आधी आपल्या देवळांतून पेट्या बाहेर काढाव्या लागतील.

शिवाय गाव सोडून जाणं हा गोव्याच्या संगीताचा जुना घाव आहे आणि तो हिंदू-ख्रिस्ती दोन्हीकडचा आहे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि नंतर जितेंद्र अभिषेकी, सगळे बाहेर जाऊन मोठे झाले. 1977 मध्ये अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर केसरबाईंचा आवाज आहे, आणि आम्ही तो अभिमानाने सांगतो. पण केसरबाईंना राहायला, शिकायला, गायला गोव्याने त्या वेळी काय दिलं? ख्रिस्ती वादकांचंही तेच. दोघं एकाच बोटीने मुंबईला उतरायचे आणि वेगवेगळ्या वाड्यांत जायचे. आपण दर वर्षी त्यांच्या नावाने समारोह करतो. ते करावेतच. मात्र गेलेल्यांचा सत्कार आणि असलेल्यांना कुलूप, हे बरोबर नाही.

खर्चाचा मुद्दा निघेल, आणि तो मी टाळत नाही. नवा मोठा मैफिलीचा पियानो कोटीच्या पुढे जातो. गोव्याच्या हवेत तो टिकवणं कठीण, हेही खरं. आतल्या सव्वादोनशेच्या आसपास तारा मिळून अठरा-वीस टनांचा ताण ओतीव लोखंडाच्या चौकटीवर टाकत असतात. तारांखालचा लाकडी तक्ता पातळ असतो आणि तो हवेतली ओल पितो. पियानोला साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांची आर्द्रता मानवते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत भिंतींना हात लावला तर ओले होतात. लाकूड फुगतं, सूर चढतो. डिसेंबरात सुकतं, सूर उतरतो. फेल्ट जड होतं, पट्ट्या अडकतात, खुंट्या गंजतात. जुन्या घरांत पियानोच्या पोटात एक विजेचा दिवा लावून ठेवत, अंड्यांची पेटी उबवावी तसा. सगळ्यांत वाईट ते आपण सभागृहांत करतो: कार्यक्रमाच्या दिवशी एसी जोरात, दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस बंद. एकसारखी ओल पियानो कशीबशी सोसतो, हा झटका सोसत नाही.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? वाद्य नाजूक आहे म्हणून कुलूप लावायचं? दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतले एक म्हातारे ट्यूनर, म्हणजे पियानोचे सूर लावणारे, जे आता फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांना मी हे विचारलं होतं. ते तारेवरून बोट फिरवत कोंकणीत एवढंच म्हणाले, "वाजयनात, देखून इबाडटा." वाजवत नाहीत म्हणून बिघडतो. रोज उघडलेल्या वाद्याची कुरकुर रोज कानावर पडते आणि वेळेत दुरुस्त होते. बंद वाद्यातली कसर, गंज आणि उंदराचं घरटं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सापडतं, आणि मग मुंबईहून माणूस बोलवावा लागतो.

हा ट्यूनर माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पियानोचे सूर लावणं ही कसबी कारागिरी आहे. कान हवा, सुतारकाम यायला हवं, धातूची जाण हवी, कमालीचा धीर हवा. गोव्यात सुतारांची परंपरा आहे, मूर्तिकारांची आहे, स्वर ओळखणारे कान घराघरात आहेत. तरी हा धंदा शिकवणारी सोय नाही, म्हणून जुने ट्यूनर थकले की मागे कुणी उरत नाही. घुमटाचं आपण असंच केलं. त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हटलं, फार चांगलं केलं, पण त्याचं मडकं घडवणारा कुंभार आणि त्यावर कातडं मढवणारा हात टिकला नाही तर त्या मानाचं काय करायचं? तंत्रशिक्षणाच्या सरकारी संस्थांत मोटार दुरुस्ती शिकवतात, एसी दुरुस्ती शिकवतात. तिथेच दोन वर्षांचा वाद्यदुरुस्तीचा वर्ग काढा. पियानो, पेटी, ऑर्गन, व्हायोलिन, सगळं त्यात आलं. दर वर्षी पाच मुलं बाहेर पडली तरी गोव्याचं काम भागून ती कोल्हापूर, बेळगावला जातील. हा पोटाचा धंदा आहे, कुणावर उपकार नव्हे.

पियानो उघडायचा कसा, हेही सांगतो, कारण नुसतं "उघडा" म्हणून चालत नाही हे मी त्या कचेरीत शिकलो. मडगाव, कुडचडे, साखळीला रवींद्र भवनं आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, पणजीत मांडवीच्या काठी चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे. सकाळी सात ते दहा यांतली बहुतेक दालनं रिकामी असतात. जिथे पियानो आहे तिथे तो त्या वेळेत शिक्षकाच्या चिठ्ठीवर विद्यार्थ्याला मिळावा. वहीत नाव, वेळ, सही. तासाला नाममात्र पैसे. बाहेर चप्पल, हात धुऊन, पाण्याची बाटली आत नाही. नुकसानीची जबाबदारी विम्यावर, कारकुनाच्या पगारावर नको, हे नियमात छापलेलं हवं, म्हणजे माणसं घाबरणार नाहीत. जिथे पियानो नाही तिथे कोटीचा ग्रँड घ्यायची गरज नाही. भिंतीला लागून उभा राहणारा चांगला पियानो त्याच्या कितीतरी कमी किमतीत येतो आणि शिकणाऱ्याला तोच लागतो. खोलीत ओल शोषणारं यंत्र लावा आणि ते बारा महिने चालू ठेवा. त्याचं वीजबिल एका उद्घाटनाच्या मंडपापेक्षा जास्त येणार नाही.

जुन्या गोव्याच्या मोंत टेकडीवरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात, परदेशी पाहुणे येतात, संध्याकाळ सोन्यासारखी होते. ज्या कुठल्या मैफिलीला सरकारी पैसा लागला असेल तिथे एक अट घालावी: दुसऱ्या दिवशी सकाळी तेच वाद्य, जुळवलेलं, गरम असतानाच, स्थानिक मुलांना दोन तास. पाहुणा समोर बसला तर उत्तम, नाही बसला तरी चालेल. हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. सगळ्यांत मोठ्या वादकांनी तो जगून दाखवला. सोव्हिएत पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर 1986 साली, सत्तरी उलटल्यावर, यामाहा पियानो आणि तो जुळवणारी माणसं बरोबर घेऊन सैबेरियातल्या लहान लहान गावांत वाजवत गेले. काही गावांत धड सभागृहही नव्हतं. पोर्तुगालच्या पियानोवादक मारिया ज्वाव पिरिश यांनी 1999 मध्ये ग्रामीण भागातल्या बेल्गाइश इथे कलांचं केंद्र काढलं आणि आसपासच्या मुलांना तिथे आणलं. गावात वाद्य नसेल तर ते गावात न्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब. आपल्याकडे तर वाद्य आधीच गावात आहे.

आणखी एक आक्षेप राहतो आणि तो मला खरोखर अडवतो. एवढं करून गोव्यातून मैफिलीचे पियानोवादक किती निघतील? एखादा. कदाचित पंधरा वर्षांत एकही नाही. जगभर संगीत विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या हजारोंपैकी मूठभरच मैफिलींवर जगतात. बाकीचे शिकवतात, गायकांना साथ करतात, चर्चमध्ये, नृत्यशाळांत, ध्वनिमुद्रणात वाजवतात. आमच्या भजनी मंडळातूनही तीस वर्षांत एकही तुळशीदास बोरकर निघाला नाही. पण पेटीचं कपाट उघडं होतं म्हणून आजूबाजूच्या वाड्यांत पेटी वाजवणारी चाळीसेक माणसं आहेत. लग्नात, सप्ताहात, शाळेच्या संमेलनात पेटीवाला शोधावा लागत नाही, आणि कुणी मोठा वादक आला तर त्याने काय केलं हे कळणारे कान समोर बसलेले असतात. पियानोचंही तेच व्हावं एवढी माझी मागणी आहे.

माझ्या मुलीने आठवी पायरी पार केली, चांगल्या गुणांनी. नंतर ती शिकायला पुण्याला गेली, आता तिथेच नोकरी करते आणि रविवारी चार मुलांना पियानो शिकवते. मैफिलीची वादक ती झाली नाही. झाली असती का, ते मला ठाऊक नाही आणि तिला मी कधी विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला ती झाकण उघडून हातोड्या दाखवते, असं तिने फोनवर सांगितलं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा अर्ज दिला. या वेळी मडकईच्या एका मुलासाठी. नऊ वर्षांचा आहे, वडील बार्जवर कामाला. भजनाला आईबरोबर येतो आणि माझ्या पेटीवर दोन्ही हात ठेवतो. त्याचा हात अजून सात पट्ट्यांवरच पुरतो, आठवीपर्यंत जात नाही. अर्जात वेळ लिहिली आहे, सकाळी सात ते आठ, मंगळवार आणि शुक्रवार. अनामत रक्कम किती ठेवू शकतो तेही लिहिलं आहे. ट्यूनरना वर्षातून दोनदा आणायचा खर्च आमचं भजनी मंडळ उचलेल, असं मंडळाच्या ठरावासह जोडलं आहे. आवक क्रमांक मिळाला. मुलाच्या आईने विचारलं, कधी यायचं? मी तिला म्हटलं, चवथ होऊन जाऊ दे, मग मी स्वतः जाऊन विचारतो.